पोटखराबा, वहन आकार आणि मोहन

यंदा एका दिवाळी अंकाने माझी मुलाखत घेतली. घ्यायला आलेली मुलगी पंचविशीची असेल. तिने मोबाइल टीपॉयवर ठेवला, लाल बटण दाबलं आणि चहा येण्याची वाट न बघता विचारलं, "सर, तुमच्या लेखनावर कोणाचा प्रभाव आहे?"

हा प्रश्न मराठी कवीला आयुष्यात चार-पाच वेळा तरी विचारला जातो. त्याचं उत्तर उखाण्यासारखं आधीपासून पाठ ठेवावं लागतं. नाव कुणाचं घ्यायचं ते ठरलेलं, आधीची जुळणी तेवढी आपली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "माझ्या कवितेत तुकोबा, मर्ढेकर आणि कोलटकर यांचा प्रभाव ठळकपणे जाणवतो."

हे वाक्य मी 1998पासून वापरतोय. धुतलं की नवं होतं. त्यात एक संत आहे, एक नवकवी आहे आणि एक असा आहे की ज्याचं नाव घेतलं की समोरचा इंग्रजीवाला असला तरी मान डोलावतो. पुरस्कार समितीतल्या कुठल्याही माणसाला तिघांपैकी एक तरी चालतोच.

मी बोलत असताना स्वयंपाकघरातून कप ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. आमच्या घरात या आवाजाला समीक्षा म्हणतात.

मुलगी गेल्यावर बायको बाहेर येऊन म्हणाली, "अहो, एवढं सांगितलंत तिला, मग पोटखराब्याचं का नाही सांगितलंत?"

आता हे पोटखराब्याचं सांगायलाच हवं.

1996 साली मी वडिलांबरोबर गावी गेलो होतो, खटाव तालुक्यात. सातबारा काढायचा होता. तेव्हा तो तलाठी हाताने लिहून द्यायचा. भाऊसाहेब जागेवर सापडणं हाच अर्धा दिवसाचा कार्यक्रम. तोवर मी सहा वर्षं कविता लिहीत होतो आणि त्या सगळ्या चंद्र, किनारा, एकाकी नौका अशा विषयांवर होत्या. खटाव तालुक्यात नौका सोडाच, बादली बुडेल एवढं पाणी मिळायची मारामार. पण तेव्हा मला वाटायचं की कवितेचा आणि गावाचा काही संबंध नसतो, तसा असला तर ती ग्रामीण कविता.

उतारा हातात आला. गाव नमुना सात, गाव नमुना बारा. भोगवटादार, आकार, इतर अधिकार असे रकाने. आणि त्यातच एका ओळीत 'पोट-खराब', पुढे शाईने लिहिलेला आकडा: बारा आर. मी वडिलांना विचारलं, "हे काय?"

वडील चावडीच्या पायरीवर बसून पायातला काटा काढत होते. वर न बघता म्हणाले, "पोटखराबा त्यो. वड्याकडंचा खडक. त्यात काय पिकत न्हाई. सरकारबी त्याच्यावर काय लावत न्हाई. पर जमीन आपलीच."

मी तो कागद घेऊन तसाच उभा राहिलो. जिच्यात काही पिकत नाही, जिच्यावर कुणी काही आकारत नाही, पण जी आपलीच आहे, आणि जिला सरकारदरबारी 'पोटात' जागा दिलेली आहे! सहा वर्षं मी जे नौकेत बसून शोधत होतो ते महसूल खात्याने केव्हाच छापून ठेवलं होतं. एसटीत बसल्यावर तिकिटाच्या मागे पहिल्या चार ओळी लिहिल्या. 'पोटखराबा' ही माझी पहिली बरी कविता. जिच्यामुळे मला कवी म्हणून बोलावणी यायला लागली ती हीच.

बोलावणी आली, तशा गमतीही आल्या. शहरातल्या एका कार्यक्रमात निवेदिकेने मधे अंतर सोडून जाहीर केलं, "आता कवी सादर करतील त्यांची कविता, पोट खराब." पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या चेहऱ्यावर जी माया उमटली ती मी विसरणार नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी पर्समधून ओव्याची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी 'पोटखराबा: भुकेच्या प्रतिमासृष्टीचा शोध' असा बारा पानी निबंध वाचला. मी तिथेच बसलो होतो. हात वर करून "सर, तो महसुली शब्द आहे" असं सांगायला हवं होतं, पण जेवणाची वेळ होत आली होती आणि निबंध चांगला होता.

तर बायकोचा मुद्दा असा की माझ्यावर खरा प्रभाव तलाठी भाऊसाहेबांचा. तो मी मुलाखतीत का सांगत नाही?

कारण उघड आहे. प्रभाव हा सोयरिकीसारखा असतो, घराणं बघून सांगायचा असतो. मर्ढेकरांवरचा प्रभाव म्हणून परिसंवादात टी. एस. एलियटचं नाव येतं. पिपातल्या उंदरांचं येत नाही. उंदरांचा कुठे वशिला नाही. कोलटकर पोटासाठी जाहिरातीच्या धंद्यात होते. कमी जागेत नेमकं बसवायचं, जास्तीचा शब्द दिसला की कापायचा, हे शिकवणारी याहून कडक शाळा कुठली? पण 'जेजुरी'वर (1976) बोलताना लोक युरोपातली नावं काढतात, जाहिरात संस्थेतलं डेस्क कुणी काढत नाही. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली, 'गोलपिठा' (1972) त्या रस्त्यांवरून आला, आणि त्यातल्या शब्दांचे अर्थ लावताना पांढरपेशा वाचकाच्या तोंडाला फेस आला. कारण ते शब्द ज्या शाळेत शिकवले जात होते तिथे याने प्रवेशच घेतला नव्हता.

संतांचं तर सोडूनच द्या. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार, सावता माळी: यादी वाचली तर वाटतं बलुतेदारांची सभा भरली आहे. प्रत्येकाने आपापल्या हत्याराचे शब्द घेतले आणि त्यातच विठ्ठलाला बसवलं. सावतोबांना तर मळ्यातून उठून पंढरपूरला जायचीही गरज वाटली नाही. 'माझ्या अभंगावर कांद्याचा प्रभाव आहे' असं कुणी म्हटलं तर आज आपण हसू. तुकोबांचं दुकान होतं. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात, आणि पुढे गाथेच्या वह्याही त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, कर्जखतं आली नाहीत. माझ्या बाबतीत बरोब्बर उलट आहे. माझे संग्रह बुडाले ते बुडाले. कर्ज मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला वर येतं. आणि हप्ता खात्यातून परस्पर वळता होत असल्यामुळे नदीत सोडायला हातात कागदसुद्धा नाही.

छंदाचंही तेच. ओवी जात्यावर घडली हे आपण शाळेत शिकलो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी टिपून ठेवली आणि त्या गेल्यानंतर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. घरघर एका लयीत चालायची, त्या लयीवर शब्द बसायचे. आता आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे. मी शास्त्रीय पद्धतीने त्याचा अभ्यास केला. मिक्सरला मात्रा नाहीत. तो एकदम किंचाळतो, मग अचानक थांबतो, मग झाकण उघडून बायको चमच्याने कडा खरवडते, मग तो पुन्हा किंचाळतो. ओळ कुठे संपेल याचा नेम नाही. मराठी मुक्तछंदाचं मूळ इथे आहे असा सिद्धान्त मी मांडणार होतो, पण एका मित्राने हिशेब दाखवला. अनिलांची मुक्तछंदातली 'भग्नमूर्ती' 1940 सालची, आणि तेव्हा घरोघरी पाटा-वरवंटाच होता. इतिहास हा नेहमी चांगल्या सिद्धान्ताच्या आड येतो. मी सिद्धान्त मागे घेतलेला नाही, फक्त थांबवून ठेवला आहे.

मी डोंबिवलीत राहतो. सत्तावीस वर्षं मुंबईला नोकरीसाठी जाऊन-येऊन केली. या सत्तावीस वर्षांत मी जितक्या वेळा ज्ञानेश्वरी उघडली त्याच्या निदान शंभरपट वेळा फलाटावरची घोषणा ऐकली. ही गाडी अमुक ठिकाणी थांबणार नाही, तमुक ठिकाणी थांबणार नाही. मग कानात ते काय राहणार? माझ्या दुसऱ्या संग्रहातल्या निम्म्या कवितांत कुणीतरी कुठेतरी थांबत नाही. समीक्षकांनी त्याला 'विरागी वृत्ती' म्हटलं. वृत्ती कसली, जलद लोकल होती ती. आमच्याकडून ठाण्याकडे निघालं की आधी कोपर लागतं आणि मग दिवा. स्थानकांची नावं आहेत ही, मी काही अध्यात्म सांगत नाही. तरी सकाळी आठच्या गाडीत कोपर स्थानक यायच्या बरंच आधीपासून लागतं, आणि दिवा बराच वेळ दिसत नाही.

वीजबिलाचं मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याचं ऋण मोठं आहे. विजेचं बिल लोक उलटं वाचतात, म्हणजे आधी खालची रक्कम, मग कपाळावर हात. कुणी वरून खाली सावकाश वाचून बघा. स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार. अहो, ही काय बिलाची भाषा झाली? 'स्थिर आकार' आणि त्याच्या खालच्या ओळीत 'वहन आकार'! एक जागेवर राहिला, एक वाहून गेला. 1960च्या आसपासच्या एखाद्या अनियतकालिकात हे चार शब्द चार ओळींत छापले असते, भोवती भरपूर कोरी जागा सोडली असती, तर त्यावर अंक निघाला असता. मी तेवढंच केलं. 'वहन आकार' या नावाची माझी कविता एका विद्यापीठात अभ्यासाला होती. तिच्यात एक विधवा बाई अंगणातला दिवा लावून बसते आणि दर महिन्याला तिच्याकडे आता नसलेल्या माणसाच्या नावाचा कागद येतो. विद्यार्थ्यांना प्रश्न आला होता: 'वहन आकार' या शीर्षकातील प्रतीकात्मकता स्पष्ट करा. दहा गुण. वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे पैसे, असं लिहिणाऱ्याला बहुतेक शून्य मिळाले असणार.

हे सगळे जुने प्रभाव. आजच्या काळाचा खास म्हणावा असा प्रभाव माझ्यावर पडला तो तीन वर्षांपूर्वी, आणि पडण्याचं निमित्तही पडणंच होतं. स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावरून घसरलो आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलीने फोनवर बोलून मराठी टाइप करायची सोय लावून दिली. मी खुर्चीत बसून फोनला कविता सांगायचो, जशी पूर्वी व्यासांनी गणपतीला सांगितली. फरक इतकाच की व्यासांनी गणपतीला अट घातली होती, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. फोनला अशी काही अट नव्हती.

एका संध्याकाळी मी सांगितलं, "माझ्या आत एक मौन आहे, ते कुणाशी बोलत नाही." चष्मा दुसऱ्या खोलीत होता. कविता तशीच एका मासिकाला पाठवून दिली. अंक आला तेव्हा पहिलीच ओळ अशी होती: माझ्या आत एक मोहन आहे, ते कुणाशी बोलत नाही.

मी हादरलो. संपादकांना फोन करून दुरुस्ती छापायला सांगावी म्हणून नंबर लावत होतो, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "काय ओळ लिहिलीत हो! मोहन! आणि त्याला 'ते'! मी रात्रभर विचार करतोय." मग पत्रं यायला लागली. एका ज्येष्ठ समीक्षकांनी लिहिलं की मोहनाला नपुंसकलिंगी सर्वनाम योजून कवीने सगुणाला एका फटक्यात निर्गुणाच्या दारात आणून उभं केलं आहे. दुसऱ्या एकांना त्यात महात्मा गांधी दिसले, आणि आजच्या काळात ते कुणाशी बोलत नाहीत याचं त्यांना वाईट वाटलं. आमच्या सोसायटीत त्या नावाचे दोघे राहतात. दोघांनीही माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे ओळ खरीसुद्धा झाली.

मी दुरुस्ती छापली नाही. 'मौन' ठेवलं असतं तर ती ओळ महाराष्ट्रातल्या सहाशे संग्रहांत आधीच आहे. मोहन मात्र माझाच.

त्यानंतर जे मी केलं त्याची लाज वाटते. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, तरी मी फोनलाच कविता सांगत राहिलो. मुद्दाम अस्पष्ट बोलायचो. पंखा मोठा करायचो. एकदा तोंडात शेंगदाणे घेऊन सांगितली. पण फोन एकही चूक करेना. मी 'विरह' म्हटलं की 'विरह', 'क्षितिज' म्हटलं की 'क्षितिज', तेही पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि दुसरीही ऱ्हस्व. मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाबा, अपडेट झालाय तो." शुद्धलेखनात पास झाला आणि माझ्या उपयोगाचा राहिला नाही.

मुलीनेच मग मला ते दुसरं यंत्र दाखवलं, जे स्वतः कविता लिहितं. मी म्हटलं, सांग त्याला पावसावर. चार सेकंदांत चार कडवी हजर. आठवणींचा पाऊस होता, डोळ्यांतलं आभाळ होतं, मातीचा सुगंध दोनदा होता आणि शेवटच्या कडव्यात आशेचा किरण. घरातले सगळे हसले. मी हसलो नाही. माझा पहिला संग्रह असाच होता, तंतोतंत. फक्त मला त्याला सहा वर्षं लागली होती. त्याच्या पाचशे प्रतींपैकी तीनशे चाळीस आमच्या माळ्यावर आहेत. इतकी वर्षं मी समजत होतो की तो कुणी वाचलाच नाही. निदान कुणीतरी बारकाईने वाचलाय, हे कळून बरं वाटलं.

मग मात्र मी ठरवलं की हे असं नशिबावर सोडून चालणार नाही. प्रभाव हवे असतील तर नीट पद्धतशीर गोळा करायचे. शंभर पानी वही घेतली, वर 'प्रभाव' असं नाव घातलं आणि सोमवारी सकाळी घराबाहेर पडलो. आधी भाजी मंडईत गेलो. एक बाई म्हणाली, "घ्यायची का नुसती बघायची?" लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर त्यात काही नव्हतं. मग एसटी स्टँडवर दोन तास बसलो. गाडीच्या खिडकीवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते वहीत उतरवलं खरं, पण लहानपणी ती पाटी वाचून जो पोटात गोळा यायचा तो आला नाही. तेव्हा मी खरंच गाडीत होतो. आता मी बाकावर होतो, हातात वही होती आणि कुठे जायचं नव्हतं.

शेवटी बिलं भरायच्या एका कार्यालयात गेलो. तिथे भिंतीवर सूचनांचे सात-आठ कागद एकावर एक डकवलेले असतात, त्यात माल असतो हे अनुभवाने ठाऊक होतं. रांगेत उभा राहून नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला. "बिल?"

"बिल नाहीये. मी जरा शब्द बघतोय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रोज शे-दोनशे माणसं पाहिलेली बाई. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्द बघायचे तर बाजूला उभं राहून बघा. मागे पैसे भरणारी माणसं आहेत."

मी बाजूला झालो. मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद, कागदातून नोटा, आणि थकबाकीचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "हिच्यातलं थोडं तरी माझ्या आधीच्याचं असेल ना?" त्यांना बहुधा आधीच्या भाडेकरूचं म्हणायचं होतं. बाई काही तरी समजावून सांगायला लागल्या. मी वही उघडली, पेन काढलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, वही बंद करून पिशवीत टाकली. त्या माणसासमोर लिहिणं बरं दिसलं नसतं. ते वाक्य अजून डोक्यात आहे. कवितेत येईल की नाही माहीत नाही. घाई केली तर येणार नाही एवढं समजलंय. वहीची उरलेली ब्याण्णव पानं आता दूधवाल्याच्या हिशेबाला लागली आहेत.

घाईचंही तसं सरसकट म्हणता येत नाही म्हणा. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून 1955-56मध्ये आठवड्याला एक या हिशेबाने प्रक्षेपित झालं. छप्पन्न गाणी. गदिमांच्या मागे वाल्मीकी होते हे खरं, पण वाल्मीकींच्या मागेही पुढच्या शुक्रवारचं प्रक्षेपण उभं होतं. प्रतिभेच्या दरवाज्यावर थाप पडते ती बहुतेक वेळा वसुलीवाल्याचीच. साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर मला तीन मिनिटं मिळाली होती. तीन मिनिटांनी घंटा. माझ्या आधीचे कवी घंटेनंतरही दोन कडवी रेटून गेले म्हणून संयोजकांनी माझ्या वेळी अडीचलाच वाजवली. तेव्हापासून माझ्या कविता आखूड झाल्या. एका परीक्षणात त्याला 'अल्पाक्षररमणीयता' म्हटलं आहे. शब्द आवडला. घंटेचा उल्लेख मी कुठे केला नाही.

बायकोला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग पुढच्या मुलाखतीत हे सांगा. तलाठी, वीजबिल, लोकल, फोन. आणि हो, 'आज्जीच्या डब्यात अंधार ठेवलाय' ही ओळ माझी आहे, तेही सांगा."

ती तिचीच आहे. लाडूंचा डबा उघडून रिकामा बघितल्यावर ती म्हणाली होती, 2009 साली, गणपतीत. मी ओळ घेतली, डबा बंद केला. पुरस्काराच्या भाषणात मी या ओळीचं मूळ लोकपरंपरेत असल्याचं सांगितलं होतं, आणि लोकपरंपरा तिसऱ्या रांगेत नवी पैठणी नेसून बसली होती.

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाखतवाल्या मुलीला फोन लावला. म्हटलं, "अहो, ते प्रभावाचं उत्तर जरा बदलायचं होतं."

"सर, अंक छापायला गेला," ती म्हणाली. "पण काळजी करू नका, तुमचा शब्दही बदललेला नाही. रेकॉर्डिंगवरून फोननेच थेट उतरवून घेतलं सगळं."

वसुबारसेच्या दिवशी अंक घरी आला. मुखपृष्ठ छान होतं, माझा फोटो दहा वर्षांपूर्वीचा होता, तोही छान होता. मुलाखतीतलं एक वाक्य काढून पानाच्या मधोमध चौकटीत मोठ्या टायपात टाकलं होतं:

'माझ्या कवितेत तुकोबा, मर्ढेकर आणि कोलटकर यांचा अभाव ठळकपणे जाणवतो.'

मी अंक मिटेपर्यंत फोन वाजला. तीस वर्षांचा जुना कविमित्र. गेली दहा-बारा वर्षं आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतंच उरलं होतं. त्याचा आवाज दाटून आला होता.

"वाचलं रे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत होतो. पण तू स्वतः म्हणालास, मोठा माणूस आहेस."